फौजीच्या मुलीची खोली

वर्णभेद हा शब्द मी बरीच वर्षं गोऱ्यांच्या देशांसाठी राखून ठेवला होता. चुलतभावाच्या मुलाला ऑस्ट्रेलियात कुणीतरी बसमध्ये "तुझ्या देशात परत जा" म्हटलं, तेव्हा कडेगावात चहाच्या टपरीवर आम्ही चार माजी सैनिक तासभर तावातावानं बोलत होतो. आपल्या सरकारनं त्यांना जाब विचारला पाहिजे, असं मीच म्हणालो होतो.

फौजेत मी सतरा वर्षं ट्रक चालवला. त्यातली सहा वर्षं माझ्या शेजारच्या सीटवर अरुणाचलचा एक जण होता. युनिटमध्ये सगळे त्याला 'चिनी' म्हणत. ते नाव मीच ठेवलं होतं. तो हसायचा, म्हणून मला ते प्रेमाचं वाटायचं. एकदा त्याच्याच गावाजवळ दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि मी तापानं फणफणलो, तेव्हा त्यानं मला आपल्या घरी नेलं. बारा दिवस त्याच्या बायकोनं मला मऊ भात भरवला. त्या गावात माझ्यासारखा चेहरा माझा एकट्याचाच होता. बारा दिवसांत एकानंही मला विचारलं नाही, तू कुठला म्हणून.

त्याची मुलगी नर्सिंग शिकायला मिरजेला आली ती माझ्या शब्दावर. बायकोच्या मावसबहिणीच्या घरी वरच्या मजल्यावर चार खोल्या आहेत, चारही शिकणाऱ्या मुलींना दिलेल्या. त्यातली एक मी तिला मिळवून दिली. पहिलं वर्ष बरं गेलं. आधी अंकल म्हणायची, मग काका म्हणायला लागली. मेव्हणीकडून भाकरी थापायला शिकली.

मग निवडणूक आली आणि सांगलीत मोठी सभा झाली. आमच्याकडे सभा असली की माजी सैनिकांना मेडलं लावून पुढच्या रांगेत बसवतात. आम्हालाही ते आवडतं. दिल्लीहून आलेला मोठा नेता म्हणाला, देशात बाहेरचे लोक घुसलेत. कागद कसले बघता, चेहरे बघा, चेहरा खोटं बोलत नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. त्या वेळी मला तिची आठवणसुद्धा झाली नाही. आता तेच जास्त टोचतं.

चार दिवसांनी मेव्हणीचा फोन.

"दाजी, तेवढी त्या पोरीची दुसरीकडं सोय बघा की."

"का? काय झालं?"

"माझं काय न्हाई ओ. पोरगी गुणाची हाय. पण गल्लीतली लोकं विचारत्यात, ही कुठनं आणून ठिवली म्हणून. परवा कोपऱ्यावरच्या पोरांनी आडवलं तिला. कागद दाखव म्हणाली."

पुढे मी जे केलं ते फक्त आमच्या भागातल्या फौजीलाच सुचेल. आमच्या गावांत पेन्शनवर आलेल्या माणसाच्या दारावर 'माजी सैनिक' अशी पाटी असते, खाली तिरंग्याचा पट्टा. ती पाटी बघितली की समोरचा माणूस आवाज खाली घेतो. मी पेंटरकडून तशीच एक करून घेतली. 'भारतीय सैनिकाची कन्या.' ब्लेझर घातला, मेडलं लावली, मिरजेला गेलो आणि स्वतःच्या हातानं ती तिच्या दारावर ठोकली. मग गल्लीतल्या दोघा-तिघा जाणत्यांना वर बोलावलं आणि सांगितलं, हिचा बाप आणि मी एका ट्रकात होतो.

"आवं, मग आदी सांगायचं न्हाई व्हय!" एक म्हातारे म्हणाले. "फौजीची पोरगी म्हंजी आपलीच की."

मेव्हणीनं सगळ्यांना चहा दिला. जागा सोडायचं बोलणं तिथेच मिटलं. मला वाटलं, जिंकलो.

संध्याकाळी ती वॉर्डातून आली. पाटी वाचली.

"काका, बाकीच्या तीन दारांवर काय लिहिलंय?"

"काही नाही."

"माझे बाबा शेती करत असते, तर मी कुठे गेले असते?"

मग तिनं मोबाईल काढला आणि मैत्रिणीनं पाठवलेला एक फोटो माझ्यासमोर धरला. सभेची पुढची रांग, मधे मी.

"हे तुम्हीच ना?"

"हो."

"मेडलं छान दिसतात," ती म्हणाली. बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

गल्लीतले जाणते शांत झाले. पोरं नाही झाली. ती दिसली की टाच आपटून सलाम ठोकायची. "जय हिंद, चायना मॅडम!" मी पोलीस चौकीत गेलो. तिथल्या हवालदारानं नीट विचारलं, हात लावला का? शिवी दिली का? नाही. मग सलामाची तक्रार कशी लिहून घेणार? त्याचंही बरोबरच होतं. टपरीवर विषय काढून बघितला.

"तिची गोष्ट येगळी गड्या," मित्र म्हणाला. "ती आपल्या फौजीची. नेता तिला न्हवता बोलला."

"मग कुणाला?"

"घुसखोरांस्नी."

"त्यांचा चेहरा कसा असतो रं?"

"सोड की आता. च्या घे, गार व्हतोय."

एकदा त्या नेत्याला पत्र लिहायला बसलो. माननीय महोदय, एवढं लिहून थांबलो. त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं. तिच्या घरचं मी जेवलो होतो. जाब विचारायचा तर आधी कुणाला? आणि न विचारावा, तर ज्याचा शब्द अख्खा देश ऐकतो, त्यानं काहीही बोलून विमानात बसायचं आणि गल्लीत आमचं आम्ही निस्तरायचं, हे तरी कुठल्या न्यायाचं? कागद तसाच राहिला.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला दीड महिना असताना ती शिक्षण सोडून घरी गेली. मिरज स्टेशनवर मी बॅग धरायला गेलो तर म्हणाली, राहू द्या काका, हलकी आहे. ती खाली वाकून पाया पडली, आमच्याकडे पडतात तशी.

आठवड्यानं तिच्या वडिलांचा फोन आला.

"भाई, कुछ बताती नहीं. दिनभर चुप बैठती है. तू तो वहीं था. क्या हुआ उधर?"

मी परड्यात उभा होतो. सांगायचं ठरवलं होतं, शब्दही जुळवून ठेवले होते. तो थांबला होता. घाटात मी गाडी मागे घेताना तो असाच गप्प बसायचा, माझ्यावर सगळं सोपवून.

"इधर का पानी सूट नहीं हुआ उसको," मी म्हणालो.

"हाँ, होता है," तो म्हणाला. "तू दिल पे मत ले. तूने बहुत किया."

आणि मग बराच वेळ तोच मला धीर देत राहिला.