बेलफिल्ड कॉलेजची बुधवारची टीम

बावीस वर्षं एक फुटबॉल टीम दर बुधवारी चिखलात उतरते आणि ज्ञानकोशात तिला चार ओळींची जागा नसते, हे तुम्हाला पटतं?

रघुवीर देवस्थळींना पटलं नव्हतं. लंडनजवळच्या स्लाऊ गावातल्या बेलफिल्ड कॉलेजात ते लॅब टेक्निशियन. पगार परीक्षानळ्या धुण्याचा, पण जीव सगळा मैदानात. पांढऱ्या रेघा तेच मारायचे, गोलची जाळी तेच बांधायचे आणि सामना संपला की वहीत लिहून ठेवायचे: तारीख, गोल किती, मारले कुणी. पोरं पंजाबी, सोमाली, पोलिश, एखाददुसरा गोरा. बहुतेकांचे बूट उसने.

२००६च्या जुलैत कॉलेज शेजारच्या मोठ्या कॉलेजात विलीन होणार होतं. टीम बंद, रघुवीर रिटायर. टीमचं नाव कुठेतरी राहावं, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून मार्चमध्ये इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात, जिथे म्हणे कुणीही लिहावं, त्यांनी दोन बोटांनी टाइप करत पान लिहिलं. तीन आठवडे लागले.

दोन दिवसांत पानावर पाटी लागली: हे काढून टाकावं का, चर्चा करा. टोपणनावामागे लपलेल्या एका संपादकाचं म्हणणं, टीम दखल घेण्याजोगी नाही. कुणा त्रयस्थाने छापलेला पुरावा आणा. स्वतःची वही चालत नाही.

आता छापील पुरावा आणायचा कुठून? सामने बुधवारी दुपारी, आणि गावचा साप्ताहिक पेपर बुधवारी सकाळीच छपाईला जायचा. पुढच्या अंकापर्यंत निकाल शिळा. पहिली पाच वर्षं रघुवीर स्वतः निकाल नेऊन देत. तिथला माणूस गोड हसून कागद घ्यायचा आणि एक ओळ छापायचा नाही. म्हणजे आधी यांनी छापायचं नाही, आणि मग त्यांनी विचारायचं, छापलंय कुठे? त्याच ज्ञानकोशात कुठल्याशा कार्टूनमधल्या मांजरावर दोन पानं भरभरून मजकूर होता. वाचून ओकारी यावी.

त्यांच्या पत्नी सुप्रभाताई मराठी मंडळाच्या सेक्रेटरी. गणपतीला माणसं जमवावीत तशी त्यांनी फोनवरून फौज उभी केली, स्लाऊ, ईलिंग, थेट इल्फर्डपर्यंत. लोक विचारत, लिहायचं काय? ताईंनी सगळ्यांना एकच इंग्रजी वाक्य सांगितलं.

रविवारी संध्याकाळी एकेचाळीस जणांनी लिहिलं: ही टीम आम्हाला अनेक वर्षं माहीत आहे, कृपया पान ठेवावं. एकेचाळीस वेळा तेच वाक्य, सगळी खाती त्याच दिवशी उघडलेली. संपादकाला वाटलं, एकच माणूस सोंगं घेतोय. त्याने खाली विचारलं, तुमच्यापैकी कुणी या टीमचा एक तरी सामना पाहिलाय का?

रघुवीर एकेक नाव वाचत गेले. दिवाळीच्या जेवणात हीच माणसं त्यांना टोमणे मारायची, अजून पोरांचे बॉल गोळा करता का म्हणून. तेवढ्यात ईलिंगहून भाचा वरद फोनवर आला.

"मामा, दिलं हं व्होट. तुमची टीम क्रिकेटचीच ना?"

रघुवीरांनी फोन ठेवला.

"यातलं एक तरी माणूस मैदानाच्या कडेला, टचलाइनला उभं राहिलंय का गं कधी?"

"बुधवारी सगळे कामावर असतात."

"आणि तू?"

"मी बावीस वर्षं तुमचे चिखलाचे मोजे धुतलेत," सुप्रभाताई म्हणाल्या. "मला विचारू नका."

संपादकाची किळस आलेलीच होती, आता आपल्या माणसांचीही आली. दोन बोटांनी रघुवीरांनी उत्तर टाइप केलं: नाही, एकानेही नाही. मी पाहिलेत, चारशे दहाच्या चारशे दहा.

मंगळवारी पान उडालं. कारण दिलं होतं: पुरावा नाही, पाठिंबा बनावट.

बुधवारी टीमचा शेवटचा सामना. रघुवीरांनी नेहमीसारख्या रेघा मारल्या. मान वर केली तर टचलाइनला साडीवर अनोरॅक, म्हणजे टोपीवालं पावसाळी जाकीट, चढवलेल्या सुप्रभाताई, हाफ डे टाकून आलेल्या. बेलफिल्ड तीन-एकने हरलं. ताई शेवटच्या शिट्टीपर्यंत हलल्या नाहीत. ज्ञानकोशाच्या नियमाला त्याही चालल्या नसत्या, घरच्याच ना.

तुम्ही चालाल. तुमच्या गावातही एखादं कॉलेज असेल. येत्या बुधवारी दुपारी दोनला त्याच्या मैदानावर जा, शेवटपर्यंत उभे राहा आणि निकाल तारखेसकट कुठेतरी छापून आणा.