बारगिराची नात

मराठ्यांचे राज्य अटकेपार गेले हे सगळ्यांना माहीत आहे. पण ते दवनीवाड्याच्या तांदळावर गेले, हे फक्त त्याच गावच्या माझ्या मामेसासऱ्यांना माहीत आहे. पुण्यात नुसते ठरायचे, पोट मात्र आमच्याकडच्या धानाने भरायचे, असा मामांचा सिद्धांत. शाळेच्या पुस्तकात नागपूरकर भोसल्यांना अर्ध्या ओळीत आटोपतात याचा त्यांना इतका राग, की नात्यातल्या मुलांची पुस्तके मागून घेऊन राहिलेला इतिहास ते समासात पेन्सिलीने लिहून देत. एका भाच्याने तो परीक्षेत जसाच्या तसा उतरवला. तेव्हापासून मामा आले की तो मागच्या दाराने निघून जातो.

रघुजीराजांची फौज बंगालच्या स्वारीवर निघाली, तेव्हा मुक्काम पडला तो मामांच्याच बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. तिथूनच त्यांचा पूर्वज नांगर सोडून बारगीर झाला. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार, स्वतःचा घोडा असेल तो शिलेदार, असे मी एकदा शहाणपण पाजळले. मामा शांतपणे म्हणाले, "घोडा सरकारचा होता जावईबापू, बसनारा तं आमचा होता ना." नागपूरला जाताना कोहमाऱ्याच्या ढाब्यावर एका कोलकात्याच्या ट्रकवाल्यालाही त्यांनी बजावले, की इसी रस्ते से हमारे लोग घोड़े पे गए थे. तो बिचारा सौजन्याने म्हणाला, "तब टोल लगता था क्या?" नागपूर येईपर्यंत मामा माझ्याशी बोलले नाहीत, जणू ट्रक मीच चालवत होतो.

त्यांच्या मुलाने अर्जुनी मोरगावकडच्या निर्वासितांच्या वसाहतीतली बंगाली मुलगी पसंत केली, तेव्हा घरात सगळे बिचकले होते. मामांनी मात्र भर मांडवात स्वारी फत्ते झाल्याचे जाहीर केले. पुढे नात झाली. ती बसायला लागल्यापासून मामांचा गुडघा हाच तिचा घोडा, आणि दुपारच्या जेवणानंतर रोज बंगालवर स्वारी.

गेल्या वर्षी धान पिवळा पडायच्या सुमारास मी तिथे होतो. तीन वर्षांची नात दुपारी झोपेना. सून थोपटता थोपटता म्हणाली, झोप, नाहीतर बर्गी येईल. हा कोण बर्गी, मामांनी कौतुकाने विचारले. माझी आजी म्हणायची, असे सांगून ती सहज म्हणाली, "घोड्यावरून येतेत मामाजी, नागपूरकडून. पिकलेला धान घेऊन जातेत."

बारगीरचेच बंगालीत बर्गी झाले, हे माझ्या लक्षात आले आणि मी चहाच्या कपात डोके घातले. नातीच्याही लक्षात आले. घरात घोड्यावरून जाणारे दुसरे होते कोण? "आबाजी बर्गी," म्हणून ती आईच्या पदरात शिरली आणि मामांच्या मांडीवर यायची बंद झाली.

आता मामा रघुजीराजांची बाजू मांडतील, समासच्या समास भरतील, असे मला वाटले. त्यांनी सुनेला एवढेच विचारले, "उभा धान नेत होते काय?" ती हो म्हणाली. मामा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाऊन बसले, ते संध्याकाळच्या चहालाही आले नाहीत. ज्याने जन्मभर धान पिकवला त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

दिवाळीला पुन्हा गेलो, तर स्वारीची गोष्ट सुरू होती, पण नात चार हात लांब बसून ऐकत होती. फौज बंगालच्या पिकाशी पोचली आणि पूर्वज घोड्यावरून उतरला. मंग, नातीने विचारले. "मंग काय, धुऱ्याधुऱ्यानं पायी गेला. पिकात घोडा घालत नसतेत, बाई."

असे कुठल्याही इतिहासात नाही. मला ठाऊक होते, मामांनाही असणार. एरवी मी बोललो असतो. त्या दिवशी मात्र असे घडायला हवे होते असे फार वाटले. नात उठून त्यांच्या मांडीवर येऊन बसली आणि म्हणाली, आबाजी, घोडा कर.

मामांनी गुडघा हलवला नाही. तिचे बोट धरून उठले आणि म्हणाले, "आपन पायीच जाऊ."