वय, व्यवसाय, वस्ती

आमच्या सायंदैनिकात त्यांना सगळे तपशीलकाका म्हणायचे. एकतीस वर्षं ते एकाच टेबलावर बसून बातम्या तपासत होते आणि तेवढ्या काळात वय, व्यवसाय आणि वस्ती नसलेला एकही माणूस त्यांनी छापू दिला नव्हता. रस्त्यात कुणी घसरून पडला तरी वय किती, करतो काय, राहतो कुठे, हे तीन प्रश्न ठरलेले. बातमीदारानं डोकं खाजवलं की कागद परत. ‘आभाळातून पडला का हा? जा, विचारून ये.’

मी गुन्ह्यांच्या बातम्या करते. सुरुवातीची दोन वर्षं मी त्यांना मनातल्या मनात रोज शिव्या घातल्या. मग एकदा चहा पिता पिता त्यांनीच सांगितलं. ते नऊ वर्षांचे असताना त्यांचे वडील पिठाच्या गिरणीत पट्ट्यात सापडून गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात एवढंच आलं, ‘गिरणीत एक इसम ठार.’ त्यांची आई ते कात्रण घेऊन शेजारीपाजारी दाखवत फिरली, हे आमचेच, हे आमचेच म्हणत, आणि कुणाला ते खरं वाटेना. काका म्हणाले, ‘माणूस जातो तो जातोच गं. पण निदान कोण गेला ते तरी लिहा.’ त्यानंतर मी शिव्या घालणं बंद केलं.

म्हणूनच पुढे जे झालं ते मला आजही पचत नाही. एखाद्या बदमाशानं केलं असतं तर त्याच्या नावानं बोटं मोडून मोकळी तरी झाले असते.

ती मुलगी मला पोलीस ठाण्यातल्या बाकावर भेटली. हातात पाण्याची बाटली होती आणि झाकण ती उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती. ती नोकरी करत होती त्या इस्पितळातल्या वरिष्ठानं तिच्यावर अत्याचार केल्याची तक्रार तिनं नुकतीच दिली होती. चार दिवसांनी, सोमवारी, न्यायाधीशांसमोर तिचा जबाब व्हायचा होता. घरात फक्त थोरल्या बहिणीला माहीत होतं.

‘बातमी द्या ताई,’ ती म्हणाली. ‘आली की पोलिसांना दाबता येणार नाही. पण मी कोण ते कळायला नको. आईला सोमवारच्या आत कळलं तर ती मला उंबरा ओलांडू देणार नाही. मग जबाब राहिलाच.’

मी म्हटलं, ‘तू कोण ते कुणालाही कळणार नाही. माझा शब्द.’

शब्द द्यायला माझं काय जात होतं. मी पाच ओळी लिहिल्या. एका संस्थेत नोकरी करणाऱ्या तरुणीनं वरिष्ठाविरुद्ध अत्याचाराची तक्रार दिली, पोलीस तपास करत आहेत, संपलं. कागद काकांच्या टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या एका खटल्यासाठी कोर्टात पळाले. बातमी मुद्दाम इतकी मोघम ठेवली आहे, हे सांगायला मी थांबले नाही. मोजून एक मिनिट लागलं असतं. ते मी दिलं नाही, आणि ही चूक माझी आहे, काकांची नाही.

काकांनी ती पोकळ बातमी पाहिली आणि सवयीनं फोन उचलला. ठाण्यात ओळखीचा हवालदार होता. ज्याच्यावर तक्रार होती त्या साहेबाचं नाव संपादकांनी आधीच वगळायला सांगितलं होतं, आरोप सिद्ध झालेला नाही म्हणून. त्याच्या वाट्याला ‘एक वरिष्ठ अधिकारी’ एवढे तीन शब्द आले. मुलीचं नाव छापायचं नाही हा नियम तर काकांना तोंडपाठ. त्यांनी नाव छापलं नाही. छापलं ते असं: वय तेवीस, इस्पितळाच्या एक्स-रे विभागात तंत्रज्ञ, राहणार पाण्याच्या टाकीमागची वसाहत. प्रत्येक शब्द खरा. दोनदा पडताळलेला.

तीनला अंक बाजारात गेला. चारला तिचा फोन आला.

‘ताई, आमच्या विभागात बायका किती आहेत, माहीत आहे का तुम्हाला?’ ती रडत नव्हती. ‘मी एकटी आहे.’ मागे कुणी तरी मोठ्यानं रडत होतं. ती आई असणार. मी काही बोलायच्या आत फोन बंद झाला.

मी कचेरीत आले ती पेपर आपटतच. काका शांतपणे म्हणाले, ‘नाव कुठे आहे? दाखव बरं.’

‘तिथे ती एकटीच बाई आहे, काका. एकटीच.’

त्यांनी पान जवळ ओढलं आणि स्वतःचीच ओळ बोट ठेवून वाचली. वय, व्यवसाय, वस्ती. चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. मला वाटलं होतं भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं.

मग ते खुलासा लिहायला बसले. आमच्या पेपरातले खुलासे तेच लिहायचे, आणि इतके नेटके की तक्रार करणारा येऊन आभार मानून जायचा. त्या दिवशी सहा कागद फाडले. ‘नजरचुकीनं प्रसिद्ध झालेला तपशील’ म्हणावं तर ज्यानं बातमी वाचली नव्हती तोही शोधून वाचणार. ‘ती तरुणी एक्स-रे विभागातली नाही’ म्हणावं तर ते खोटं, आणि उद्या तिचा जबाबच खोटा ठरवायला त्या साहेबाच्या वकिलाला आयतं कोलीत.

‘चुकीचं छापलं तर दुरुस्ती करता येते गं,’ ते म्हणाले. ‘हे खरं आहे. खऱ्याची दुरुस्ती काय करू?’

‘वरातीमागून घोडं,’ मी म्हटलं. तेव्हा माझ्या जिभेला हाड नव्हतं.

ते उठले आणि बाहेर पडले. मीही मागे गेले. ते इस्पितळाच्या रस्त्यावरच्या एकेका स्टॉलवर थांबून उरलेले अंक गोळा करायला लागले. एकसष्ट वर्षांचा माणूस, काखेत पेपरांचा गठ्ठा, धापा टाकत. तिसऱ्या स्टॉलवरचा विक्रेता हसला. ‘ती एक्स-रेवालीची बातमी ना, काका? कधीच संपले अंक.’ काका तिथेच फुटपाथवर बसले.

सोमवारी आम्ही दोघं कोर्टाच्या व्हरांड्यात नऊपासून उभे होतो. ती साडेदहाला आली. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मामा, आणि मामानं तिचं मनगट धरलं होतं. काका हात जोडून पुढे झाले. ‘पोरी, ती बातमी मी...’

‘आता काही बोलू नका, काका,’ ती खालच्या आवाजात म्हणाली. ‘लोक बघतायत.’

दहा मिनिटांत ते तिघं आतून बाहेर आले. जबाब द्यायचा नाही, तक्रार पुढे न्यायची नाही, असं तिनं लिहून दिलं होतं. आई म्हणत होती, ‘झालं, संपलं, चल घरी.’ मुलगी चालत होती, पण ती कुठे बघत होती ते मला सांगता येणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं, आणि फास आमच्या कचेरीत वळलेला होता.

तिनं नोकरी सोडली. थोरली बहीण एकदाच माझ्याशी बोलली. म्हणाली, ती दार लावून बसते, आणि आम्ही कडी काढून टाकली आहे. तो साहेब आपल्या खुर्चीवर तसाच.

काकांचं काही तरी बिनसलं ते बिनसलंच. ते बातम्यांमधून माणसं खोडत सुटले. शाळेत पहिला आलेल्या मुलाची बातमी त्यांनी ‘एक विद्यार्थी पहिला’ अशी सोडली. मुलाचा बाप भांडायला आला. कचेरीतले हसले. मला हसू आलं नाही.

दोन महिन्यांनी जाहिरात विभागाकडून एक चौकट आली. इस्पितळाच्या एक्स-रे विभागात तंत्रज्ञ पाहिजे, महिलांना प्राधान्य. अर्ज कुणाकडे करायचा, तर त्याच साहेबाकडे. पूर्ण नाव, पद, खोली क्रमांक. काका तो कागद घेऊन संपादकांकडे गेले, मी दाराशी उभी होते. संपादक वाईट माणूस नाही. ते म्हणाले, ‘तिनं तक्रार मागे घेतली ना? मग कशाच्या जोरावर नाकारू?’ जाहिरात छापून आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी काकांच्या टेबलावरचा फोन वाजला. जुना फोन, पलीकडचं बोलणं टेबलभर ऐकू यायचं. कुणी बाप होता, बाहेरगावचा. मुलीचा एक्स-रेचा कोर्स झालाय म्हणाला, पहिलीच नोकरी, एकटीला राहावं लागेल. ‘तुमच्या पेपरात वाचलं म्हणून विचारतो, साहेब. जागा चांगली आहे ना?’

‘तिला पाठवू नका,’ काका म्हणाले.

‘का हो? काही झालंय का तिथे?’

काकांनी तोंड उघडलं. कारण सांगायचं तर त्या मुलीला पुन्हा चारचौघांत उभं करायचं. मिटलं. माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

‘साहेब? अहो, सांगा ना,’ तो म्हणत होता. ‘ती उद्याच निघणार आहे.’