साबणाच्या डबीतली बेल

लातूरला आमच्या शिकवणी वर्गाखाली रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा बसायचे. अर्धं वाक्य बोलायचे आणि उरलेलं शिट्टीत वाजवायचे.

भूकंपानंतरचं वर्ष होतं. तासाची कर्कश बेल वाजली की माझ्या शेजारची मुलगी जिन्याकडे धावायची. एकदा ती थेट चाचांच्या टेबलाला धडकली.

“काय झालं, बेटी?”

“परत जमीन हादरली वाटतं, चाचा.”

दुसऱ्या दिवशी बेलच्या जागी साबणाची डबी होती. चाचांनी तिच्यात एक चिप, चार तारा आणि छोटा स्पीकर बसवला होता. तास संपताच डबीतून किलबिलती धून निघाली. ती मुलगी जागची हलली नाही.

सर खाली गेले. “चाचा, ही काय बेल हाय?”

“लई गोड हाय, सर. आता कुणी पळत न्हाई.”

संध्याकाळी ती चाचांना म्हणाली, “गणिताच्या तासाला जरा लवकर वाजवा की!”