प्रीती कासारेचा होल्ड

प्रीती कासारेला राग लवकर येतो, हे डोंबिवली एमआयडीसीतल्या त्या बिअरच्या कारखान्यात रखवालदारापासून मालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पाठीमागे तिला ‘मिरची’ म्हणतात. तिच्या कानावर ते गेलेलं आहे, आणि त्याचाही तिला राग येतो. पण बाई उगाच चिडत नाही. तिच्या खुर्चीत एखादा थंड डोक्याचा, सगळ्यांना सांभाळून घेणारा माणूस बसवला असता, तर लोकांना बिअर हेल्मेट घालून प्यावी लागली असती.

ही मूळची कळव्याची. मायक्रोबायोलॉजी शिकली, औषध कंपन्यांचे उंबरे झिजवले, आणि शेवटी नोकरी मिळाली ती इथे. घरात वडील भगवान रोज सकाळी पंचशील म्हणणारे, दारूच्या थेंबालाही न शिवणारे. आई शकूने चाळीत सांगून टाकलं की पोरगी फळांच्या रसाच्या कंपनीत लागली. वडिलांनी मात्र खोटंबिटं काही जोडलं नाही. तुझं काम काय, एवढंच विचारलं. “खराब माल बाहेर जाऊ द्यायचा नाही, पप्पा,” ती म्हणाली. त्यावर ते म्हणाले, “मग ते नीट कर.” तेव्हापासून ती ते नीट करते आहे. स्वतः बिअर चाखत नाही, चाखायला दुसरी माणसं आहेत. ती सूक्ष्मदर्शकावर आणि दाबाच्या काट्यावर विश्वास ठेवते.

बाटल्या भरून खोक्यांत गेल्या म्हणजे माल विकायला मोकळा झाला, असं तिथे नसतं. कॉम्प्युटरवर तो सगळा लॉट लाल रंगात ‘होल्ड’वर राहतो. तपासण्या पूर्ण होईपर्यंत गोदामाला त्याचं चलनच निघत नाही. होल्ड उठवायचा अधिकार एकट्या प्रीतीच्या लॉगिनला. त्या महिन्यात आंब्याची बिअर पहिल्यांदाच भरली होती, आणि प्रीतीने ती अडवून धरली होती. कारण साधं होतं. बाटली बंद झाल्यावरही आतलं यीस्ट जिवंत होतं. ते आंब्याच्या रसातली साखर खात होतं आणि वायू सोडत होतं. उबेत ठेवलेल्या नमुन्यांचा दाब रोज चढत होता. काच बिचारी किती सोसणार?

पण मतमोजणीचा ड्राय डे तोंडावर आला होता. त्याच्या आधी दुकानदार माल भरून ठेवतात, आणि विक्रीचे मॅनेजर ऋतुराज सकाळ-संध्याकाळ लॅबच्या दारात येऊन उभे राहत होते.

“मॅडम, करा ना पास. काय होतंय?”

हे ‘काय होतंय’ ऐकलं की प्रीतीचं टाळकं सटकतं. ती नाही म्हणाली. तीनदा नाही म्हणाली.

त्या दिवशी सकाळी तिने कॉम्प्युटर उघडला, तर आंब्याचा लॉट हिरवा. होल्ड उठवणाऱ्याचं नाव: प्रीती कासारे. ती धावत गोदामात गेली. आंब्याच्या मालाचा कोपरा रिकामा होता. गोदाम सांभाळणारा प्रभाकर मान खाली घालून उभा.

“मॅडम, ऋतुराज सरांनी तुमचा पासवर्ड मागितला. मी दिला.”

प्रभाकरकडे तो होता, कारण तिनेच दिला होता. चुलतभाऊ सम्यकच्या लग्नाला ती गावी गेलेली असताना पास झालेल्या मालाचा एक ट्रक अडकला होता. लोकांचं काम आपल्यामुळे कशाला अडवायचं, म्हणून तिने फोनवरच पासवर्ड सांगितला आणि नंतर बदलायला विसरली. एकमेकांना सांभाळून घ्यायची ही आपली घाणेरडी सवय! एवढी वर्षं ती या सवयीला शिव्या घालत आली होती आणि नेमकी तिथेच घसरली होती. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. आता कुठेही कुणाच्या हातात बाटली फुटली, कुणाचा डोळा गेला, तर तो तिने घालवलेला असणार होता.

ती लॅबमध्ये येऊन खुर्चीत बसली, पासवर्ड बदलला, आणि गोदामातला एकूण एक लॉट होल्डवर टाकला. चांगला, तपासलेला, सगळा. कॉम्प्युटरचा सगळा पडदा लाल झाला. फाटकाशी भरायला उभे असलेले ट्रक जागच्या जागी राहिले.

मालक दौलतशेठ धापा टाकत आले. मागे ऋतुराज.

“डोकं फिरलंय का तुझं? आज माल गेला नाही तर दुकानदार दुसऱ्याचा भरतील!”

“भरू देत. आंब्याची प्रत्येक बाटली परत येईपर्यंत एक खोकं हलणार नाही. मला काढून टाका. दुसरा माणूस बसेपर्यंत हे असंच राहील.”

“अहो मॅडम,” ऋतुराज हसले, “एवढं काय? एखादी फुटते कधीतरी. काही होत नाही हो.”

प्रीती उठली. तिने उबेच्या कपाटाचं दार उघडून दाखवलं. आत रात्रीतून चार नमुने फुटले होते, काचेचे तुकडे कपाटाच्या पत्र्यात रुतले होते. दौलतशेठ दोन पावलं मागे सरकले. ऋतुराज मात्र खांदे उडवून म्हणाले, “कपाट गरम असतं, मॅडम. दुकानात फ्रीज असतो.”

“कुठे कुठे गेलाय माल? सांगा,” प्रीती म्हणाली.

ऋतुराज मोबाइलमध्ये बघून सांगू लागले. कल्याणची दुकानं, ठाण्यातली दोन. मग जरा अडखळले.

“आणि पाच क्रेट मोहने गावाला. माझ्या बहिणीकडे. तिच्या दिराची हळद आहे आज.”

हळदीला मांडवात बिअर लागते, तिकडची पद्धतच आहे. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तेच आलं: मांडव, दुपारचं ऊन, उघड्यावर ठेवलेले क्रेट, भोवती नाचणारी पोरं.

“तिथे फ्रीज आहे?” प्रीतीने विचारलं.

ऋतुराजच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी फोन लावला.

“ताई? ताई, ऐक. त्या बाटल्यांना कुणी हात नका लावू. अगं, नको उचलूस! पोरांना लांब ने आधी. सगळ्यांना लांब ने. क्रेटवर ओली गोधडी टाक लांबूनच. ताई, हात जोडतो, मी निघालो, मी येतोय.”

त्यांनी फोन ठेवला. ते दाराकडे वळले, तर प्रीती दारात उभी.

दुकानदाराच्या पोरांसाठी जे आठवडाभर सांगून पटलं नव्हतं, ते बहिणीच्या मांडवासाठी एका क्षणात पटलं होतं. आजवर तिला इतका राग कधी आला नव्हता. आवाज चढवायचंही भान राहिलं नाही.

“मोहन्याला प्रभाकर गाडी घेऊन जाईल. तुम्ही बसा इथे,” ती म्हणाली आणि त्यांचा मोबाइल त्यांच्यापुढे सरकवला. “आता दुकानांना फोन लावा. एकेकाला. आणि आत्ता बोललात ना, त्याच आवाजात.”