बारीक रेघांचे हाल

परतूरला मामांचं फ्लेक्सचं दुकान आहे. शाळा सुटल्यावर तिथं बसलं की रोज एक नवा किस्सा जमतो. मामा तो सगळ्यांना हसून सांगतात. मला मात्र रागच येतो, कारण किस्सा होतो तो दुकानातल्या अक्षरांच्या फॉन्टवरून, आणि तो फॉन्ट मी केलाय. उभी रेघ जाड, आडवी केसासारखी बारीक. सगळी सुट्टी त्यात गेली. तो एकदा तरी काढलाय तसाच छापला जावा, एवढंच मला हवं होतं.

*

पहिलं गिऱ्हाईक वाढदिवसाच्या बॅनरचं. अक्षरं बघून म्हणालं, "ही उपाशी हायेत का? जरा खाऊ घाला." मामांनी लगेच प्रत्येक अक्षराला पिवळी आउटलाइन दिली, वर काळी सावली. बारीक रेघा त्यातच बुडाल्या.

"बघ, कसं भरलं आता!" मामा मला म्हणाले.

*

मग एक लग्नपत्रिका. नवरदेवाचं नाव दोन अक्षरी, नवरीचं लांबलचक. आमच्याकडं वराचं नाव आखूड दिसलेलं चालत नाही. मामांनी ते रबरासारखं ताणलं. जाड उभ्या रेघा फुगून खांबासारख्या झाल्या, बारीक आडव्या तशाच राहिल्या. मी हळूच म्हटलं, असं ताणू नका.

"मांडवात भांडण झालं तर तू येशील का मिटवायला?"

*

साड्यांच्या दुकानाच्या बाई आल्या. त्यांनी काहीच बदलायला सांगितलं नाही. बोर्ड तसाच हवा म्हणाल्या! अक्षरं कुणाची म्हणून विचारलं. मी शेजारीच बसले होते.

"पुण्याहून मागवली," मामा म्हणाले.

त्या गेल्यावर मी कारण विचारलं. म्हणे, नववीतल्या पोरीनं केलीत म्हटल्यावर बाईंनी भाव पाडला असता. बोर्ड मी बघायलासुद्धा गेले नाही.

*

परवा मामांचे जालन्याचे मित्र आले. त्यांचंही फ्लेक्सचंच काम. त्यांचा पेन ड्राइव्ह माझ्यापुढं ठेवून मामा म्हणाले, "तो फॉन्ट देऊन टाक गं काकांना."

"पुण्याचा हाय म्हणं," काका मला म्हणाले. "तुला जमून राह्यला का वापरायला? न्हाई तर जालन्याला ये, शिकवतो."

मी मामांकडं पाहिलं. मामा चहा ढवळत होते.

मी फॉन्ट माझ्या पेन ड्राइव्हवर घेतला, कॉम्प्युटरवरून काढून टाकला आणि काकांचा पेन ड्राइव्ह तसाच परत दिला. दप्तर उचललं.

"दिला का?" मामांनी विचारलं.

"न्हाई. घरी घेऊन चालले."

काका हसले. "पुण्याचा फॉन्ट तू कशाला घरी नेतीस, पोरी?"

"मामा," मी म्हणाले, "तुम्हीच सांगा त्यांना."