कूलरमधली पिल्लं

लग्न होऊन मी नागपुरात आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी सरकारी केंद्रातून कोंबडीची पांढरी पिल्लं आणली. पिल्लांचं आणि माझं घरात येणं असं बरोबरीनं झालं. स्वागतात मात्र फरक होता. मला दुसऱ्याच दिवशी सगळ्या पाहुण्यांच्या पोळ्या लाटायला बसवलं. पिल्लांना कूलर मिळाला.

हिवाळाभर तो पत्र्याचा कूलर मागच्या अंगणात पडून होता. पंखा माळ्यावर गेला होता, जुन्या खसच्या ताट्या कधीच फेकल्या होत्या, उरला होता नुसता सांगाडा. सासूबाईंनी त्यात तणस, म्हणजे भाताचा पेंढा, अंथरली, पंख्याच्या भोकाला पाट लावला आणि तिन्ही बाजूंच्या जाळ्यांआड पिल्लं सोडली. अंगणातल्या जुन्या गावरान कोंबड्या दिवसभर त्याभोवती फिरत आणि मान वाकडी करून आत डोकावत. नवी पिल्लं त्यांच्यात एकदम सोडली तर त्या टोचून टोचून मारतात, म्हणून आधी जाळीतून ओळख होऊ द्यायची, असं सासूबाईंचं शास्त्र. "पाहू दे त्याइले. पाहता पाहता मिसळतात," असं त्या सगळ्यांना सांगत. रोज सकाळी उठल्या उठल्या त्यांचा पहिला प्रश्न पिल्लांच्या मिसळण्याचाच असे.

मला जाळी नव्हती. मी मूळची साताऱ्याची, पण इथल्या लोकांच्या लेखी बडनेऱ्याच्या पलीकडे सगळं पुणंच, म्हणून मी 'पुण्यावाली'. इथं 'मले' आणि 'काहून' म्हणायचं; मी 'मला' म्हटलं की हशा, 'का बरं' म्हटलं की पुन्हा हशा. शेजारणी वाटीभर साखरेचं निमित्त काढून येत आणि मला बोलतं करून जात. यात पुढाकार थोरल्या जाऊबाईंचा. माझं वाक्य त्या माझ्याच सुरात म्हणून दाखवत, आणि इतकं हुबेहूब की रडू येत नसतं तर मीही हसले असते. सासूबाई सगळं ऐकत आणि निमूटपणे तांदूळ निवडत. याचा मला फार राग यायचा. अंगणात एक तुरा फाटलेली तांबडी कोंबडी होती. दाणे टाकले की आधी ती खाणार, मग बाकीच्या. तिची आणि माझी आधीची ओळख असावी असं मला पहिल्या दिवसापासून वाटे.

चैत्र लागला. गल्लीत घरोघरी खिडक्यांना कूलर लागले, खसचा वास सुटला आणि आमचा कूलर अंगणात चिवचिवत राहिला. सासऱ्यांनी एकदा भीत भीत विषय काढला. पिल्लं अजून लहान आहेत, एवढंच उत्तर आलं. मग ते डोक्यावर ओला पंचा घेऊन पेपर वाचत बसले. कोंबड्यांपायी अख्खं घर घाम गाळत होतं आणि त्याबद्दल तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती.

शेवटी माझा घोळणा फुटला. दुपारी भांडी घासता घासता नाकातून रक्त यायला लागलं. सासूबाईंनी कांदा फोडून नाकाशी धरला, टाळूवर गार पाणी थापलं आणि माझ्या नवऱ्याला आजच्या आज कूलर खिडकीला लावायला सांगितलं. त्या घरात केवळ माझ्यासाठी झालेली ती पहिली गोष्ट होती. मला भरून आलं. पण ते सुख फार टिकलं नाही.

"आता एखादं पिल्लू मेलं," जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "तं पुण्यावालीच्या नाकापायी मेलं समजा."

याही वेळी सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि कांद्याची सालं गोळा केली. म्हणजे पिल्लांनी जगणं ही आता माझी जबाबदारी झाली. एक जरी दगावलं असतं, तर जन्मभर ऐकावं लागलं असतं.

दिवेलागणीला कोंबड्या खुराड्यात दांडीवर बसल्या, तेव्हा सासूबाईंनी एकेक पिल्लू उचलून त्यांच्या शेजारी अलगद ठेवलं. अंधारात कोंबडीला काही दिसत नाही, सकाळी जाग आली की ती शेजारचीला आपलीच समजते, असं त्या म्हणाल्या. शिवाय काही झालं तरी कुणी मध्ये पडायचं नाही, अशी ताकीद दिली. आपण मध्ये पडलो की मिसळायला वेळ लागतो, हे त्यांचं दुसरं शास्त्र. ते त्या नुसतं कोंबड्यांनाच लावत नव्हत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

तांबडीला हे शास्त्र कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी खुराडं उघडताच बाकीची पिल्लं सुटून कडुलिंबाखाली पळाली, पण एक तिच्या तावडीत सापडलं. तिनं त्याला कुंपणाच्या कोपऱ्यात दाबून डोकं रक्तबंबाळ केलं. जाऊबाई मागच्या पायरीवर बशीतून चहा पीत बघत होत्या. मी हातातली बादली टाकली आणि तांबडीच्या अंगावर धावून गेले.

"काहून मारून राहिली वं तिले?" मी ओरडले. "तू नवी आली तवा तुले कोनी मारलं होतं काय?"

तांबडी दूर झाली. माझ्या तोंडून काय निघालं, ते माझ्या कानांना जरा उशिरानं कळलं. मी वळून पाहिलं. जाऊबाईंची बशी ओठांपाशी तशीच थांबली होती. त्याही कधीतरी याच दारातून नव्या आल्या होत्या, आणि तेव्हा काय झालं होतं ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांचा चेहरा पाहिल्यावर विचारायची गरज उरली नाही.

आतून सासूबाईंनी रोजच्यासारखं विचारलं, "मिसळली का?"

जाऊबाईंनी बशी खाली ठेवली.

"पुण्यावाली मिसळली," त्या म्हणाल्या. "पिल्लाचं पाहतो."

मग त्या घरात जाऊन हळद घेऊन आल्या. मी पिल्लू धरलं आणि त्यांनी हळद लावली.